बेस गिटारच्या तारा कशा निवडाव्यात: नव्या वादकांसाठी

मी बेस गिटार शिकू लागलो तेव्हा वाद्याचा आवाज बोदा येतो म्हणून सहा महिने अ‍ॅम्पची बटणे फिरवत बसलो होतो. तारा बदलायच्या असतात हे मला ठाऊक होते, पण ते तार तुटल्यावर, असा माझा समज होता. साध्या गिटारची पातळ तार अधूनमधून तुटते आणि स्वतःहून बदलून घेते. बेसची जाड तार मात्र वर्षानुवर्षे तुटत नाही, आणि म्हणूनच ती केव्हाच मेली आहे हे नव्या वादकाच्या लक्षात येत नाही. शेवटी एका जाणत्या वादकाने माझ्या वाद्यावर नवा संच चढवून दिला आणि त्याच अ‍ॅम्पमधून, त्याच हाताने, निराळेच वाद्य वाजू लागले.

त्यानंतरची दोन वर्षे मी चुकीचे संच विकत घेण्यात घालवली. दुकानाच्या भिंतीवर पाकिटांची रांग असते, प्रत्येकावर आकडे असतात, ‘निकेल’, ‘स्टेनलेस’, ‘फ्लॅट’, ‘लाँग स्केल’ असे शब्द असतात, आणि ‘चांगल्यातल्या द्या’ असे म्हटले की जे जास्त शिल्लक असेल ते हातात पडते. अनुभवाअंती मला असे आढळले की निवडीचे प्रश्न चारच आहेत, मात्र ते ठरावीक क्रमाने विचारले पाहिजेत: तार वाद्यावर नीट बसेल का, तिचे वेटोळे (गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तारेचा प्रकार) कोणते, धातू कोणता आणि जाडी किती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर सगळा संच वाया जातो. दुसऱ्याने आवाजात सर्वांत मोठा फरक पडतो. तिसऱ्या-चौथ्याने तो फरक घासूनपुसून घेता येतो. नवशिके बहुधा जाडीपासून सुरुवात करतात, कारण पाकिटावर तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

हाताशी असू द्या

- मोजपट्टी किंवा मोजण्याचा फीता. असल्यास व्हर्नियर कॅलिपर
- क्रोमॅटिक ट्यूनर. मोबाइलवरचा चालतो, पण ‘ई’ या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर अवघा ४१.२ हर्ट्झचा असल्यामुळे मोबाइलचा माइक पुष्कळदा गोंधळतो. खुंट्यांजवळ चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर बरा, आणि केबल जोडायचा त्याहून बरा.
- जाड तार कापता येईल अशी मजबूत कटर पक्कड
- ब्रिजवरच्या (धडावर तारा जिथे अडकवतात त्या भागावरच्या) आणि मानेतल्या स्क्रूंना बसणाऱ्या अ‍ॅलन की (वाद्यासोबत आलेल्या जपून ठेवा)
- एक व्हिजिटिंग कार्ड, एक सुती फडके आणि एक लहान वही

१. सध्याच्या तारांची तपासणी करा

नवा संच घेण्यापूर्वी जुना नेमका काय आहे आणि त्याबद्दल तुमची तक्रार कोणती, हे वहीत लिहा. तारेवरून नख लांबीच्या दिशेने ओढा. किरकिर आवाज आला आणि खाचा लागल्या तर तार राउंडवाउंड आहे. नख बिनआवाज सरकले तर ती फ्लॅटवाउंड किंवा घासून गुळगुळीत केलेली आहे. काळी आणि प्लॅस्टिकसारखी लागली तर टेपवाउंड आहे. (हे प्रकार तिसऱ्या पायरीत समजावले आहेत.)

मग बोट तारेच्या खालच्या बाजूने फिरवा. जिथे तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबली जाते तिथे बारीक खळगे लागले, तर तार झिजली आहे. आणखी एक खात्रीची खूण अशी की, बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून काढलेला स्वर आणि त्याच फ्रेटवर तार दाबून काढलेला स्वर पूर्वी ट्यूनरवर जुळत होते, आता जुळत नाहीत. वेटोळ्यांमध्ये घाम, कातडीचे कण आणि धूळ साचून तारेचे वजन ठिकठिकाणी निराळे होते. त्यामुळे ती सुरात लागत नाही, तिची आस (स्वर रेंगाळत राहणे) लवकर तुटते आणि वरचे, चमकदार ध्वनी आधी नाहीसे होतात.

तक्रार साध्या भाषेत लिहा: ‘आवाज बोदा आहे’, ‘बोट सरकताना चरचर होते’, ‘तार ढिली लागते आणि फ्रेटवर आपटते’, ‘अर्ध्या तासात डावा हात भरून येतो’. यांतली शेवटची तक्रार पुष्कळदा तारांची नसतेच. बाराव्या फ्रेटपाशी ई तारेची खालची बाजू आणि फ्रेटचा माथा यांतले अंतर तीन मिलिमीटरहून अधिक असेल, तर आधी वाद्याची जुळवणी करून घ्या. उंच बसवलेल्या तारांवर हात दुखतो म्हणून पातळ संच आणणे म्हणजे पायात काटा असताना चप्पल बदलण्यासारखे आहे.

२. लांबी मोजा, आणि ती दोन ठिकाणी मोजा

नटपासून (खुंट्यांजवळच्या खाचांच्या आडव्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट करा. ही झाली वाद्याची स्केल. १९५१ साली फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर स्केल घेऊन बाजारात आला आणि तेच माप आजही ‘लाँग स्केल’ म्हणून चालते. ३० इंचाच्या आसपासची वाद्ये ‘शॉर्ट स्केल’ म्हणवतात. हॉफ्नरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस आणि फेंडरचा मस्टँग बेस ही त्यांतली ओळखीची नावे. ३२ इंच म्हणजे मध्यम, तर पाच तारांच्या काही वाद्यांची स्केल ३५ इंच असते.

एवढ्यावर थांबू नका, कारण इथेच मी फसलो होतो. दुसरे माप असे घ्यायचे: तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजमध्ये जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत. काही वाद्यांत तार ब्रिजच्या मागून सरळ येते, तर काहींत ती लाकडाच्या पाठीमागून आरपार येते. त्यामुळे स्केल एकच असूनही लागणारी लांबी इंच-दीड इंचाने बदलते. तारेचा पूर्ण जाडीचा भाग नट ओलांडून थोडा पुढे गेलाच पाहिजे आणि खुंटीवर पोहोचण्याआधी संपला पाहिजे. तो जिथे संपतो तिथे बहुतेक तारांवर रंगीत धागा गुंडाळलेला असतो. तो धागा नटच्या खाचेत आला तर मोकळी तार मुकी वाजते. उलट जाड भागच खुंटीवर गुंडाळावा लागला तर तार टिकत नाही.

माझ्याकडे ३० इंचाचा बेस होता आणि मला घाई होती. शॉर्ट स्केलचा फ्लॅटवाउंड संच दुकानात नव्हता. ‘मोठा घ्या, कापून बसवता येतो’ असे सांगण्यात आले आणि मला ते पटले. ई तारेचा जाड भाग खुंटीभोवती वळवताना दुसऱ्या वेढ्यालाच किर्र असा आवाज झाला, वरची चपटी पट्टी एका जागी उघडली आणि आतला गाभा दिसू लागला. तार त्या दिवशी तुटली नाही, पण तिचा सूर कधीच स्थिर राहिला नाही, आणि फ्लॅटवाउंडचा संच राउंडवाउंडच्या साधारण दुप्पट किमतीला पडतो हे लक्षात घेता तो धडा स्वस्त नव्हता.

३. वेटोळे ठरवा: आवाजाचा सर्वांत मोठा हिस्सा इथे आहे

बेसची तार म्हणजे मधे पोलादाचा गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली दुसरी तार. तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या तारांशी परिचय असणाऱ्यांना खर्जाच्या तारेला वजन का लागते हे वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच की बाहेरून गुंडाळलेली तार कोणत्या आकाराची आहे.

राउंडवाउंडमध्ये ती गोल असते. आवाज खणखणीत, वरचे ध्वनी भरपूर, आस लांब. अंगठ्याने आपटून आणि बोटाने खेचून वाजवण्याची स्लॅप शैली, रॉक, फंक यांसाठी हाच नेहमीचा पर्याय आहे. त्याचे मोल असे की बोट सरकताना चरचर ऐकू येते, बोटांची टोके सोलवटतात, आणि पहिल्या काही आठवड्यांतली चमक पुढे टिकत नाही.

फ्लॅटवाउंडमध्ये बाहेरची तार चपट्या पट्टीची असते, त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत लागतो. स्वराचा ठोका ठसठशीत, वरचा भाग बोथट, घुमारा अधिक आणि आस त्यामानाने आखूड. सुरुवातीच्या काळात बेस गिटारवर फ्लॅटवाउंडच चढवलेल्या असत. १९६६ साली ‘द हू’ या वाद्यवृंदाचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून पोलादी राउंडवाउंड तारा घडवल्या आणि पियानोच्या खालच्या पट्टीसारखा तो आवाज पुढे रूढ झाला. दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन: १९६२चा प्रिसिजन बेस, त्यावर ‘ला बेला’ छापाच्या ५२ ते ११० गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा) जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या तुटल्याशिवाय न बदलण्याची सवय. आपल्याला जुन्या ध्वनिमुद्रिकांतला तो गोल, मऊ, तरीही स्पष्ट बेस आवडत असेल, तर तो अ‍ॅम्पच्या बटणांत शोधू नये.

मात्र फ्लॅटवाउंड म्हणजे संथ, जुन्या वळणाचे संगीत, हा गैरसमज आधीच काढून टाका. ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल वाद्यवृंदाचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर फ्लॅटवाउंडवर वाजवत आला आहे आणि त्याच्या स्वराला कोणी बोदा म्हणणार नाही. तो जोरकस बोटांनी, तार फ्रेटवर आपटू देऊन वाजवतो. तारांची निवड हाताच्या वळणावरही ठरते, ती अशी.

या दोहोंच्या मधे हाफराउंड किंवा ग्राउंडवाउंड तारा येतात. त्या आधी गोल गुंडाळून मग बाहेरून घासलेल्या असतात. स्पर्श बराच मऊ आणि आवाज दोन्हींच्या मधला. माझे मत विचाराल तर नवशिक्याने पहिल्याच फेरीत यांच्याकडे जाऊ नये, कारण दोन्ही टोके ऐकल्याशिवाय मध्य कशाचा हे कानाला कळत नाही.

टेपवाउंडमध्ये धातूच्या वेटोळ्यावर नायलॉनची पट्टी असते. चुंबकीय पिकअपला (तारेचे कंपन टिपणाऱ्या भागाला) आतले पोलाद जाणवत असल्यामुळे आवाज व्यवस्थित येतो. तो गडद, मऊ आणि उभ्या डबल बेसच्या जवळ जाणारा असतो. बोटांना यांच्याइतके सुखाचे काही नाही. पाकिटावरचे आकडे मात्र घाबरवणारे असतात, कारण नायलॉन जाड पण हलके असते. ११५ गेजची टेपवाउंड तार ताणाला तेवढी भारी नसली, तरी नटच्या खाचेत ती बसेल की नाही हे पाहावेच लागते.

तुमचा बेस फ्रेटलेस, म्हणजे पट्टीवर फ्रेट नसलेला, असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पट्टीच्या उघड्या रोझवुड लाकडावर राउंडवाउंड तारा हळूहळू चरे पाडतात. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरियसने फ्रेटलेसवर पोलादी राउंडवाउंडच वापरल्या, पण त्याआधी पट्टीवर इपॉक्सीचा कडक थर चढवून घेतला होता. तो थर नसेल तर फ्लॅट किंवा टेप. मींड घेताना चरचर नको असेल तरीही तेच.

४. धातू

राउंडवाउंड ठरली असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा. फ्लॅटमध्ये त्याने तुलनेने कमी फरक पडतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची तार सर्वांत प्रचलित असून ना फार कडक ना फार मऊ, म्हणून पहिला संच याचाच घ्यावा. स्टेनलेस स्टीलचा आवाज अधिक झगझगीत येतो, स्पर्श खरखरीत असतो आणि फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असल्यामुळे ते लवकर झिजतात. ज्याच्या घामाने निकेलच्या तारा आठवड्यात काळ्या पडतात त्याला मात्र स्टेनलेस मानवते. शुद्ध निकेल ऊबदार आणि थोडे दबलेले वाजते.

एक सापळा: दुकानात फॉस्फर ब्राँझच्या सोनेरी तारा दिसतील आणि त्या आकर्षक असतात. त्या पोकळ पेटीच्या अकूस्टिक बेससाठी आहेत. ब्राँझ चुंबकाला दाद देत नसल्यामुळे इलेक्ट्रिक बेसच्या पिकअपला फक्त आतला गाभा ऐकू जातो आणि आवाज क्षीण येतो.

५. गेज आणि ताण यांतला फरक समजून घ्या

गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. ४५-६५-८५-१०५ म्हणजे सर्वांत पातळ ‘जी’ तार ०.०४५ इंच, अर्थात १.१४ मिलिमीटर, आणि ई तार ०.१०५ इंच, अर्थात २.६७ मिलिमीटर जाड. दुकानात नुसते ‘पंचेचाळीस-एकशे पाच’ म्हटले की पुरते. ४०-१०० च्या आसपासचा संच हलका, ४५-१०५ मधला, ५०-११० जड असे ढोबळमानाने समजावे. पाचवी, बी तार सामान्यतः १२५ ते १३५ ची असते.

पण बोटाला जाणवतो तो ताण, आकडा नव्हे. ताण तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तारेचे वजन, स्केलची लांबी आणि लावलेला स्वर. एकाच बनावटीच्या दोन तारा घेतल्या तर वजन साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १०० ऐवजी १०५ घेतली की पाच आकड्यांचा दिसणारा फरक ताणात सुमारे १० टक्क्यांचा असतो. स्केलचेही तसेच: तीच तार ३४ ऐवजी ३० इंचांवर त्याच स्वराला लावली तर ताण जवळपास २२ टक्क्यांनी उतरतो, आणि म्हणून शॉर्ट स्केलच्या बेसवर हलका संच दोरीसारखा लोंबतो.

बनावट बदलली की हा हिशेब आकड्यांवरून करता येत नाही. चपट्या पट्ट्यांच्या मधे पोकळी कमी उरत असल्यामुळे त्याच गेजची फ्लॅटवाउंड तार बहुधा राउंडवाउंडपेक्षा जड आणि ताठ लागते. तरी त्यालाही अपवाद आहेत: व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा ४३ ते १०० गेजच्या असून त्यांचा कमी ताण प्रसिद्ध आहे. म्हणून दोन संचांची तुलना करताना उत्पादकाने दिलेला प्रत्येक तारेचा ताण पाहा. लाँग स्केलवर तो साधारणपणे तारेमागे १६ ते २३ किलो असतो. चार तारा मिळून मानेवर ऐंशी किलोच्या आसपास ओढ असते, हे पुढच्या पायरीसाठी लक्षात ठेवा.

निवड करताना आपला हात पाहावा. बोटे जोरात मारणाऱ्याला हलक्या तारा फ्रेटवर खडखडतात; हळुवार वाजवणाऱ्याला जड तारांतून स्वर बाहेर काढताना श्रम होतात. ई तार एक-दोन स्वर खाली लावून वाजवण्याचा विचार असेल तर एक पायरी जाड घ्या. चार तारांच्या बेसवर बी-ई-ए-डी लावायचे असेल तर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा चढवतात, पण त्यासाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

६. गाभा आणि मुलामा

गाभा षटकोनी असेल तर बाहेरची तार त्याच्या कडांना घट्ट धरून बसते. बहुतेक संच असेच असतात. गोल गाभ्याची तार लवचिक लागते, मात्र ती कापण्याआधी काटकोनात वाकवावी लागते, नाहीतर वेटोळे सुटून सरकतात आणि तार कायमची मुकी होते. पाकिटावर ‘राउंड कोअर’ असे लिहिलेले असल्यास कात्रीला घाई करू नका.

मुलामा किंवा बारीक थर दिलेल्या, म्हणजे कोटेड तारा महाग असतात, पण वेटोळ्यांत घाम शिरू देत नाहीत. पुण्याच्या कोरड्या हवेत मी त्यांवर पैसे खर्च केले नसते. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात, जून ते सप्टेंबर साध्या निकेलच्या तारांवर पंधरा दिवसांत तांबूस ठिपके येतात, तिथे त्या परवडतात असा माझा हिशेब आहे.

७. विकत घेताना

शक्य असेल तर दुकानात जाऊन घ्या. मुंबईत धोबी तलाव परिसरात वाद्यांची जुनी दुकाने आहेत आणि तिथे भिंतीवर टांगलेल्या बेसवर फ्लॅट आणि राउंड दोन्हींचा स्पर्श घेऊन पाहता येतो. निदान बोट फिरवून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही.

पाकिटावर या गोष्टी वाचा: ‘बेस’ हा शब्द, तारांची संख्या, स्केल, वेटोळे, चारही गेज. ‘मीडियम’ हा शब्द कुठे स्केलसाठी तर कुठे जाडीसाठी वापरलेला असतो. मला एकदा ‘मीडियम’ मागितल्यावर ३२ इंची संच मिळाला होता आणि चूक माझीच होती.

नकली संच बाजारात आहेत. मला एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत एका नावाजलेल्या छापाचा संच मिळाला, त्यातली ई तार चढवल्या क्षणापासून मेलेली होती आणि पाकिटावरची छपाई नीट पाहिली तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या. किंमत अतिशय कमी, पाकीट आधी उघडलेले, आतल्या तारांवर डाग, यांपैकी काहीही दिसल्यास घेऊ नका.

पहिला संच काय घ्यावा, असे सरळ विचाराल तर: ३४ इंचाचा, चार तारांचा बेस असेल आणि अजून आवड ठरलेली नसेल तर निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड, ४५-१०५. तो दोन-तीन महिने वाजवा. मग फ्लॅटवाउंडचा एक संच, शक्यतो जवळपास तेवढ्याच ताणाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेटोळे, धातू आणि गेज तिन्ही एकदम बदलले की आवडले ते का आवडले आणि नावडले ते का नावडले, याचा पत्ता लागत नाही.

८. तारा चढवणे आणि जुळवणी

अ. सर्व तारा एकदम काढू नका, असे पुष्कळ जण सांगतात. काढल्याने वाद्य मोडत नाही, पण ऐंशी किलोची ओढ एकदम जाऊन मान हलते आणि पुन्हा स्थिर व्हायला वेळ घेते. एकेक बदलणे सोयीचे.

आ. तार ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत आणा आणि खुंटीच्या पुढे सुमारे १० ते १२ सेंटिमीटर सोडा. तिथे काटकोनात वाकवा, मग वाक शिल्लक ठेवून त्यापुढे कापा. खुंटीच्या मधल्या भोकात टोक घालून वेढे वरून खाली येतील असे दोन-तीन वेढे द्या. फ्लॅटवाउंड तार तीव्र कोनात वाकवणे टाळावे. वाद्य आरपार ओवण्याचे आणि ब्रिजमधून ओवण्याचे असे दोन्ही पर्याय देत असेल तर फ्लॅटसाठी ब्रिजच बरा.

इ. सुरात लावल्यावर ब्रिजच्या आधाराच्या पुढे आणि नटच्या पुढे तार अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे तारेला जो अदृश्य फुगवटा असतो तो जातो आणि सूर व आस दोन्ही सुधारतात. हे कोणी सांगत नाही आणि त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

ई. आता मान तपासा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. मध्यावर, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. नवा संच जुन्यापेक्षा जड असेल तर मान पुढे वाकून हे अंतर वाढते, हलका असेल तर कमी होऊन तारा खडखडतात. मानेतला सळईचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, फिरवण्याआधी तारा थोड्या सैल करा, आणि स्क्रू अडला तर जोर न लावता कारागिराकडे जा.

उ. शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे स्वर नेमका लागतो की नाही ते. बाराव्या फ्रेटवर टेकवलेला आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा लागला तर ब्रिजवरचा आधार मागे घ्या, उतरा लागला तर पुढे आणा, दर वेळी तार पुन्हा सुरात लावून. हे काम जुन्या तारांवर करण्यात अर्थ नाही.

९. पहिले पंधरा दिवस आणि पुढची निगा

नव्या राउंडवाउंड तारा पहिल्या दिवशी पातेल्यांसारख्या वाजतात आणि नव्या फ्लॅटवाउंड काहीशा कडक व चिकट लागतात. दोन्हींना मुरू द्या. दोन आठवड्यांच्या वादनाआधी मत बनवले तर ते बहुधा चुकते. फ्लॅटवाउंडच्या बाबतीत तर पुष्कळ वादक त्या महिनोन्महिने मुरण्याची वाट पाहतात.

वाजवण्याआधी हात धुवा आणि वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालून पुसा. मी यासाठी जुन्या सुती धोतराचे तुकडे पेटीत ठेवतो. मऊ झालेले सूत घाम चटकन टिपते. राउंडवाउंड मेल्या आणि नव्या घ्यायला पैसे नसतील तर त्या काढून, गुंडाळून काही मिनिटे पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा चढवता येतात. चमक परत येते, पण थोडेच दिवस, आणि तार पुन्हा पुन्हा वाकल्याने तुटण्याचा धोका वाढतो.

प्रत्येक संचाची तारीख, छाप, वेटोळे, गेज आणि दोन वाक्यांचे मत वहीत नोंदवा. काढलेला संच सुस्थितीत असेल, विशेषतः फ्लॅटवाउंड असेल, तर तो पुसून मूळ पाकिटात ठेवा आणि पाकिटावर कोणत्या वाद्यावरून काढला ते लिहा, कारण खुंटीपाशी पडलेला वाक त्याच मापाच्या वाद्यावर नीट बसतो. कार्यक्रमाला जाताना त्यातल्या ई आणि जी या दोन तारा तरी पेटीत असू द्याव्यात.